वळिवड्याचं ‘जिम्नॅशियम’: युद्धकाळातली एक शाळा वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली माझी सगळ्यात हास्यास्पद चूक आधी सांगून टाकते. टिपणवहीत मी लिहून ठेवलं होतं, ‘वळिवडे कॅम्पमध्ये एक जिम्नॅशियम होतं,’ आणि त्यापुढे कंसात ‘तालीम?’ मी कोल्हापूरची. जिम म्हटलं की डोळ्यासमोर लाल माती, मल्ल आणि मुदगल. शिवाय कोल्हापूर संस्थानात निर्वासितांसाठी तालीम बांधली असेल तर त्यात नवल ते काय, असंही वाटलं. गाईड मॅडमनी ती ओळ वाचली आणि एवढंच विचारलं, ‘तिथं शिकवायला कोण होतं, ते बघितलंस का?’ बघितलं. तिथं भाषा, गणित, इतिहास शिकवणारी माणसं होती. अभ्यासक्रमात लॅटिन होतं. तालमीत लॅटिन!

पोलिश भाषेत ‘गिम्नाझ्युम’ म्हणजे माध्यमिक शाळा. १९३२ च्या सुधारणेनंतर पोलंडमधली रचना अशी होती: आधी प्राथमिक शाळा, मग ४ वर्षांचं गिम्नाझ्युम, त्यानंतर २ वर्षांचं ‘लित्सेउम’, आणि शेवटी ‘मातुरा’ नावाची परीक्षा. मातुरा झाली की विद्यापीठाचं दार उघडायचं. आपल्याकडच्या जुन्या मॅट्रिकला जे वजन होतं ते मनात आणा, साधारण कल्पना येईल. माझ्या एका प्रकरणाचा विषय ही शाळाच आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात चाललेली, पोलिश मुलांची, पोलिश माध्यमाची, पोलिश अभ्यासक्रमाची शाळा. शाळा छोटी, काळ युद्धाचा आणि देश परका.

तुमच्यापैकी बरेच जण पेटच्या तयारीत असतील, कुणी सिनॉप्सिस लिहीत असेल. ‘शालेय जीवन’ हा विषय पाहिला की हलका वाटतो: स्नेहसंमेलन, खेळ, सहली, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण या विषयात हात घातला की कळतं, शाळेच्या वेळापत्रकातून युद्ध जितकं स्पष्ट दिसतं तितकं लष्करी अहवालांतूनही कधी कधी दिसत नाही. कसं, ते सांगते.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना कुटुंबांसह उचलून सायबेरिया, कझाकस्तान, उत्तर रशियातल्या जंगलांत नेऊन टाकण्यात आलं. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि चित्र फिरलं. पोलंडचं लंडनमधलं निर्वासित सरकार आणि स्टालिन यांच्यात करार झाला, कैदेतल्या पोलिश लोकांना मोकळीक मिळाली आणि जनरल आंदर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्या आश्रयाने हजारो बायका-मुलं कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. तिथून कुणी आफ्रिकेत, कुणी लेबनॉनला, कुणी मेक्सिकोला, कुणी न्यूझीलंडला, आणि काही कराचीमार्गे आपल्याकडे. वळिवड्याचा कॅम्प जून १९४३ मध्ये भरू लागला. तिथं सुमारे ५००० माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष एक तर सैन्यात होते, नाही तर मेलेले, नाही तर बेपत्ता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायलाच हवी, कारण दर काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर मला तोच मेसेज येतो: ‘कोल्हापूरच्या महाराजांनी ५००० अनाथ पोलिश मुलांना दत्तक घेतलं.’ भावना चांगली आहे, माहिती चुकीची. यात दोन वेगळ्या कॅम्पची सरमिसळ झाली आहे. गुजरातमध्ये जामनगरजवळ बालाचडी इथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये पोलिश मुलांना आसरा दिला. त्यांत अनाथ मुलं खूप होती आणि जामसाहेबांनी त्यांना वडिलांसारखं सांभाळलं, हे खरंच आहे. वळिवडे त्यानंतरचं, आकाराने कितीतरी मोठं आणि मुख्यतः कुटुंबांचं. शिवाय १९४३ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर असलेले छत्रपती अगदी लहान बालक होते. राज्याचा कारभार महाराणी ताराबाईंच्या राजप्रतिनिधित्वाखाली चालत होता. जागा संस्थानातली, उभारणी हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली, आणि खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर. यातून कोल्हापूरचा मोठेपणा कमी होतो असं मला अजिबात वाटत नाही. पण संशोधन करायचं तर ‘कुणी दिलं’ याच्या शेजारी ‘कुणाच्या खात्यातून गेलं’ हा रकाना ठेवावाच लागतो. पुढे या शाळेचं भवितव्य त्याच रकान्याने ठरवलं.

आता शाळेत जाऊ.

कॅम्प म्हणजे कौलारू बराकींच्या लांबच लांब रांगा. त्यात दवाखाना, चर्च, सिनेमा, दुकानं. प्राथमिक शाळा, गिम्नाझ्युम, लित्सेउम आणि व्यापारी शिक्षणाची सोयही होती. वर्गात बसलेल्या मुलांची वयं पाहिली की पहिला धक्का बसतो. ज्याला १९३९ मध्ये तिसरी-चौथीत असायला हवं होतं तो मधली दोन-तीन वर्षं सायबेरियात लाकडं ओढत होता किंवा कझाकस्तानातल्या सामुदायिक शेतावर आईबरोबर राबत होता. शाळा मिळाली असेल तर सोव्हिएत शाळा, रशियन भाषेत. काही लहान मुलं सोव्हिएत अनाथाश्रमांत राहून आली होती, त्यांना पोलिश वाचायलाच येत नव्हतं. म्हणजे एकाच वर्गात वयाने थोराड आणि अभ्यासाने बाल अशी मुलं. शिक्षिकांपुढचा प्रश्न एवढाच होता की हरवलेली वर्षं भरून काढायची कशी. कमी वेळात जास्त इयत्ता पार करण्याचे प्रयत्न पोलिश निर्वासितांच्या बहुतेक सगळ्या शाळांत झाले, आणि वळिवड्यालाही ती घाई आहे. मुलांना मातुरा द्यायची होती, आणि कॅम्प किती दिवस राहील हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

पुस्तकं हा दुसरा प्रश्न. पोलिश क्रमिक पुस्तकं कोल्हापुरात कुठून येणार? इथे मला या सगळ्या विषयातली अत्यंत आवडती गोष्ट सापडली. पोलिश सैन्य मध्यपूर्वेत होतं तेव्हा जेरुसलेममध्ये त्यांनी पोलिश पाठ्यपुस्तकं छापायचा उद्योग सुरू केला. व्याकरण, इतिहास, वाचनमाला, सगळं. ती पुस्तकं जगभर विखुरलेल्या पोलिश शाळांसाठी होती. म्हणजे लढाईच्या तयारीतलं एक सैन्य बाराखडी छापत होतं, वॉर्सा जर्मनांच्या ताब्यात असताना. जर्मनांनी व्याप्त पोलंडमध्ये पोलिश माध्यमिक शाळा बंद केल्या होत्या आणि तिथली मुलं घरांतून लपून-छपून शिकत होती, हे सोबत ठेवा. मग वळिवड्यातला साधा भूगोलाचा तासही साधा राहत नाही. वॉर्सातल्या मुलाला जे शिकण्यासाठी जीव धोक्यात घालावा लागे, ते वळिवड्यातली मुलगी उघड्या खिडकीशी बसून शिकत होती. बाहेर धो धो पाऊस. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच.

शाळेबाहेरच्या उपक्रमांत सगळ्यात मोठी जागा स्काउटिंगची. पोलिशमध्ये त्याला ‘हार्त्सेर्स्त्वो’ म्हणतात. आपल्याकडे स्काउट म्हटलं की खाकी चड्डी, गाठी मारणं आणि प्रमाणपत्राचे मार्क. मीही सुरुवातीला या भागाला अर्धं पान दिलं होतं. नंतर ते पान फाडून टाकलं. कारण सोव्हिएत राजवटीत या संघटनेवर बंदी होती आणि व्याप्त पोलंडमध्ये ती भूमिगत होती. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सात उठाव झाला तेव्हा त्यात हे स्काउट लढले, पोरवयातली मुलं निरोप आणि टपाल घेऊन गोळीबारातून धावली. तो उठाव २ ऑक्टोबरपर्यंत, ६३ दिवस चालला. त्याच आठवड्यांत पंचगंगेच्या काठी त्यांच्याच वयाची मुलं तीच शपथ घेऊन शेकोटीभोवती गात होती. बातम्या कॅम्पमध्ये पोहोचत होत्या, ‘पोलाक व इंदिआख’ म्हणजे ‘हिंदुस्थानातला पोल’ नावाचं पोलिश नियतकालिकही निघत होतं. शेकोटीभोवतीच्या त्या मुलांच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधायचा मोह मला होतो. तो मी प्रबंधात आवरते, इथे थोडा सैल सोडते.

या स्काउटांचं काम पाहायला आलेल्यांपैकी एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, झ्जिस्वाव पेश्कोव्स्की. हे पोलिश सैन्यातले तरुण अधिकारी. सोव्हिएत कैदेत कोझेल्स्कच्या छावणीत होते. त्या छावणीतल्या हजारो अधिकाऱ्यांना १९४० च्या वसंतात कातिनच्या जंगलात गोळ्या घातल्या गेल्या. जे थोडे वाचले त्यांत हे एक. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी आयुष्यभर काम केलं. कातिनची बातमी जगाला कळली एप्रिल १९४३ मध्ये. स्टालिनने त्याच महिन्यात लंडनच्या पोलिश सरकारशी संबंध तोडले, जुलैत त्या सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की जिब्राल्टरजवळ विमान अपघातात गेले. वळिवड्याची शाळा याच उन्हाळ्या-पावसाळ्यात उभी राहत होती. वडिलांचं पत्र येईल म्हणून वाट बघणारी मुलं, आणि त्यांना तंबू ठोकायला शिकवणारा, त्या मरणातून वाचलेला माणूस. शालेय उपक्रम, असं शीर्षक देऊन हे सगळं खाली मांडायचं म्हणजे कठीणच आहे.

नाटकं, गाणी, लोकनृत्यं, राष्ट्रीय दिवस हेही भरपूर. ३ मे हा १७९१ च्या संविधानाचा दिवस आणि ११ नोव्हेंबर हा १९१८ च्या स्वातंत्र्याचा. सणवार धर्माचेही होते. इथे शाळा, चर्च आणि स्काउट या तीन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. तीच मुलं, तेच मैदान.

आणि नकाशा. भिंतीवरच्या नकाशाबद्दल मी बराच विचार केला आहे. या मुलांमधली बहुसंख्य पूर्व पोलंडमधून आलेली, म्हणजे ल्वूफ, विल्नो, वोविन्य या भागांतून. शिक्षिका त्यांना शिकवत होत्या ते १९३९ चं पोलंड. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन बसले आणि तो सगळा पूर्व भाग सोव्हिएत रशियाकडे जाणार हे ठरलं. ८ मे १९४५ ला युरोपात युद्ध संपलं. मुंबईत, लंडनमध्ये दिवाळी. वळिवड्यातल्या मुलीने नकाशावर आपलं गाव दाखवलं तर ते आता दुसऱ्या देशात होतं. तिच्या देशाने युद्ध जिंकलं होतं आणि तिचं घर गेलं होतं. मग त्यानंतरच्या सोमवारी भूगोलाच्या तासाला काय शिकवलं? एका तासापुरता हा प्रश्न, पण माझ्या प्रकरणाचा गाभा तोच झाला आहे. ५ जुलै १९४५ ला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. आठवा, वर मी खर्चाचा रकाना म्हटलं होतं. ज्या सरकारच्या नावाने शाळा चालत होती ते सरकारच कागदोपत्री उरलं नाही. खर्चाची जबाबदारी पुढे ब्रिटिशांकडे आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संस्थांकडे गेली. तरीही शाळेची घंटा वाजत राहिली.

आता साधनांकडे येते, कारण तुमच्यापैकी कुणी शाळांवर काम करणार असेल तर उपयोग होईल.

मुलांनी लिहिलेले निबंध हे अशा विषयात सोनं वाटतं. पोलिश मुलांच्या बाबतीत तसा एक प्रचंड साठा आहेही. आंदर्स यांच्या सैन्याने रशियातून सुटलेल्या मुलांकडून त्यांच्या अनुभवांवर शाळेतच निबंध लिहवून घेतले. ते आता अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हूवर संस्थेत आहेत आणि इरेना ग्रुजिन्स्का-ग्रॉस व यान ग्रॉस यांनी त्यांतून निवडक निबंधांचं पुस्तक १९८१ मध्ये काढलं. वाचताना हात थरथरतात. पण एक मिनिट थांबा आणि आपले शाळेतले निबंध आठवा. ‘मी पाहिलेला अपघात’ लिहिताना आपण किती जणांनी खरोखर अपघात पाहिला होता? विषय बाईंनी दिलेला, सुरुवात कशी करायची ते फळ्यावर लिहिलेलं, शेवट देशप्रेमाने करायचा हे न सांगता माहीत. त्या मुलांचं दुःख शंभर टक्के खरं आहे. त्या दुःखाची मांडणी मात्र शाळेने घडवलेली आहे. दहा निबंधांत तीच क्रमवारी आली (रात्री दारावर थाप, मालगाडीचा डबा, बर्फ, भूक) तर ती घटनांची क्रमवारी की शिक्षिकेच्या सूचनेची? बहुतेक दोन्ही. मी निबंध वाचताना आता दोन रंगांच्या पेन्सिली वापरते. निळ्याने जे सगळ्यांत सारखं आहे ते, आणि लालने जे त्या एकाच निबंधात आहे ते. लाल खुणा कमी असतात. पण बकरीचं नाव, हरवलेला बूट, आईने विकलेली उशी अशा गोष्टी लाल रंगातच सापडतात.

दुसरं साधन आठवणींचं. वळिवड्यात वाढलेली मुलं पुढे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, पोलंड अशी पांगली. त्यांनी म्हातारपणी संघटना करून, एकमेकांना शोधून, जाडजूड ग्रंथ काढला. माझ्या कामाचा तो कणा आहे. त्यात वळिवडे म्हणजे जवळपास स्वर्ग: ऊन, आंबे, नदी, मैत्रिणी, शाळा, पोटभर जेवण. खोटं नाही. पण ही आठवण कुठल्या दोन गोष्टींच्या मधे आहे पाहा. अलीकडे सायबेरिया, पलीकडे परक्या देशात मजुरीपासून सुरू करावं लागलेलं आयुष्य. अशा दोन काळोखांमधली कुठलीही पाच वर्षं उजळ दिसतील. त्यामुळे कॅम्पमधलं आजारपण, आयांची काळजी, कंटाळा, भांडणं शोधायची तर आठवणींबरोबर सरकारी फायली वाचाव्या लागतात. उलटंही खरं. फायलींत फक्त तक्रारी असतात, कारण आनंद झाला म्हणून कुणी अर्ज करत नाही.

एक व्यावहारिक सूचना. गावाच्या नावाची रोमन स्पेलिंगं किमान चार-पाच तऱ्हांनी होतात, पोलिश माणूस व ऐवजी डब्ल्यू लिहितो. एकच स्पेलिंग टाकून शोध घेतला तर निम्मं साहित्य तुमच्यापासून लपून राहील. मी चार महिने तेच केलं होतं. पोलिश भाषा मी अजून अडखळतच वाचते, रोज वीस मिनिटं, शब्दकोश उघडा ठेवून. भाषा न शिकता हा विषय करता येतो का, असं मेलवर बरेच जण विचारतात. येतो, पण मग तुमच्या हाती फक्त तेच लागतं जे दुसऱ्या कुणाला इंग्रजीत आणावंसं वाटलं.

याच संदर्भात एक पोट-गोष्ट, विषयांतर म्हणा हवं तर. वांदा दिनोव्स्का नावाची पोलिश बाई त्या काळात हिंदुस्थानात होती, गांधीजींच्या सहवासातली, ‘उमादेवी’ म्हणून ओळखली जाणारी. तिने मॉरिस फ्रीडमन यांच्याबरोबर १९४४ मध्ये भारतीय-पोलिश ग्रंथमाला सुरू केली. आणि हे फ्रीडमन कोण? औंध संस्थानाच्या ग्रामस्वराज्याच्या प्रयोगातले, आणि पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेणारे. एका पोलिश शाळेचा धागा धरून मी औंधला आणि तिथून खेतवाडीतल्या निरूपणांपर्यंत पोहोचले, तो अख्खा आठवडा मॅडमच्या मते वाया गेला. माझ्या मते नाही.

पण मला खरं अस्वस्थ केलं ते कुंपणाच्या अलीकडच्या बाजूने. म्हणजे आपल्या.

१३ डिसेंबर १९४२. याच कोल्हापूर संस्थानात गारगोटीच्या खजिन्यावर क्रांतिकारकांनी हल्ला केला, त्यात सात जण हुतात्मा झाले. ७ जून १९४३ ला पुणे-मिरज मार्गावर शेणोलीजवळ साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराचा पैसा घेऊन जाणारी गाडी लुटली. वळिवड्याचा कॅम्प भरू लागला तो याच महिन्यात. पुण्याकडून कोल्हापूरला येणारी प्रत्येक गाडी शेणोलीवरूनच येते. ब्रिटिश सरकार एका निर्वासित जमातीला जे देत होतं (आपल्या भाषेची शाळा, आपला झेंडा, आपल्या देशाचा इतिहास) त्यातलंच मागणाऱ्या इथल्या पोरांना तेच सरकार तुरुंगात घालत होतं. चले जावच्या काळात शाळा-कॉलेजं सोडलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या भागात कितीतरी निरोप पोहोचवले, पत्रकं वाटली, भूमिगतांना भाकरी नेल्या. वॉर्सातल्या पोरांसारखंच. तिसरा पदर असा की मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी त्याच वेळी इटलीत लढत होत्या. १९४४ च्या मेमध्ये मॉन्टे कॅसिनो घेणारं पोलिश सैन्य आणि या पलटणी एकाच आघाडीवर होत्या. वळिवड्यातली पोलिश मुलगी आणि शेजारच्या खेड्यातला शिपायाचा मुलगा इटलीहून येणाऱ्या एकाच टपालाची वाट बघत असू शकत होते. दोघांच्या मधे एक कुंपण आणि दोन अगदी वेगळी युद्धं.

हे लिहिताना पोलिश मुलांविरुद्ध सूर लागतोय का, अशी शंका मला आली होती. तसा लागू नये. त्या मुलांनी काहीच मागितलं नव्हतं, त्यांना उचलून आणलं होतं. पण ‘युद्धकाळातलं विद्यार्थी जीवन’ म्हणताना विद्यार्थी कोण धरायचा, हा प्रश्न टाळता येत नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला ते हेच संस्थान. पंचवीस वर्षांनी त्याच मातीत किती मुलं शाळेत होती?

म्हणून मी वळिवडे परिसरातल्या वयस्कर लोकांना भेटू लागले. एका आजोबांची गोष्ट सांगते, नाव देत नाही. त्यांचा थोरला भाऊ कॅम्पात दूध घालायचा. आजोबा छान बोलले: माणसं प्रेमळ होती, बाजारातल्या दुकानदारांना पोलिश यायला लागलं होतं, अमुक सण, तमुक बँड. तास झाला तेव्हा लक्षात आलं, हे त्यांनी आधी अनेकदा सांगितलेलं आहे. अलीकडे या विषयाला भाव आला आहे. २०१९ मध्ये पोलंडहून पाहुणे आले, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, त्यानंतर टीव्हीवाले येऊन गेले. आठवणीला घोटून गुळगुळीत केलेलं होतं. मग मी वही मिटली, चहा घेतला आणि उठता उठता सहज विचारलं, भाऊ किती शिकले? आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, दूध सुरू झालं आणि त्याची शाळा सुटली. चांगले पैसे मिळायचे. बस, एवढंच. चार तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये नसलेली ही ओळ रेकॉर्डर बंद केल्यावर मिळाली. त्यांना विचारून, परवानगी घेऊन मगच मी ती टिपली.

आता माझ्याकडे एक गृहीतक आहे: एका शाळेच्या उभारणीने आसपासच्या शाळांतून काही मुलं बाहेर काढली का? दूध, भाजी, धोबीकाम, हमाली, सगळ्याला माणसं लागत होती आणि हातात रोख पैसा येत होता. एका आजोबांच्या एका वाक्यावर हे उभं राहणार नाही, हे मलाही कळतं. आणि कदाचित उलटंही असेल, त्या पैशातून धाकट्याची फी भरली गेली असेल. आजोबा स्वतः सातवीपर्यंत शिकले.

हे तपासायचं साधन आपल्या प्रत्येक गावात असतं आणि संशोधक त्याच्याकडे फिरकत नाहीत. शाळेचं जनरल रजिस्टर. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटचा रकाना, शाळा सोडल्याचं कारण. जातीच्या दाखल्यासाठी लोक या रजिस्टरच्या नकला काढतात, म्हणून ती अजून जपली गेली आहेत. १९४३ ते १९४८ ची पानं मिळाली तर कारणाचा रकाना मोजता येईल. आधीच्या पाच वर्षांशी ताडून पाहता येईल. ‘सतत गैरहजर’ असं मोघम लिहिलेलं असण्याची शक्यता जास्त, पण तारखांचा घोळका तरी दिसेल.

१९४८ मध्ये पोलिश लोक निघून गेले. फाळणीत घरं सोडून आलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली आणि कॅम्पचं गांधीनगर झालं. आज आजूबाजूच्या जिल्ह्यांतली माणसं लग्नाचा बस्ता बांधायला तिथं येतात. मागच्या महिन्यात मीही गेले होते, चुलतबहिणीच्या साड्यांसाठी. घरातल्या बायका दुकानात बसल्यावर मी जुन्या बराकींच्या शोधात गल्ल्या पालथ्या घातल्या. वेळ संपत आली तशी तिथून जवळच्याच एका गावातल्या शाळेत जाऊन धडकले. मुख्याध्यापक सर भले होते. जुनी रजिस्टरं आहेत म्हणाले, पत्र्याच्या पेटीत, वरच्या मजल्यावर, किल्ली लिपिकाकडे आणि लिपिक रजेवर. विद्यापीठाचं पत्र घेऊन या, सहामाही परीक्षा झाल्यावर या, आणि येताना मास्क आणा, धूळ फार आहे, असं त्यांनी सांगितलं आहे.

पत्र तयार आहे. सहामाही पुढच्या आठवड्यात संपते.